बगळ्याचा पांढरा

रंगमास्तरांनी पॉवर सप्लायचा डबा दोन्ही हातांत धरून वरखाली केला, बाजारात भोपळा जोखावा तसा, आणि काउंटरवर परत ठेवून याहून जड दाखवा म्हणाले. हलक्या डब्यात मालही हलकाच असतो, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. दुकानदाराने मुकाट्याने दुसरा काढला. तोही जोखून झाला. मग कॅबिनेटचा पत्रा अंगठ्याने दाबून झाला, मेमरीच्या पट्ट्यांचं पाकीट आधी कुणी उघडलेलं नाही ना ते नखाने तपासून झालं, आणि प्रोसेसरवर लावायच्या पेस्टची इवलीशी नळी उजेडात धरून, हे मलम कशाला, याला काय मुका मार लागलाय, असंही विचारून झालं. शेजारी उभी असलेली सून हसली. दुकानदारही हसला. दोघं एकाच वेळी हसली, हे मास्तरांच्या नजरेतून सुटलं नाही.

एकतीस वर्षं त्यांनी छापखान्यात रंग जुळवायचं काम केलं होतं. रंगमास्तर हे नाव तिथलंच. छापलेला कागद ते हातात घेत, एकदा बघत, आणि लाल दोन टक्के कमी करा म्हणत. यंत्राने मोजलं की दोनच निघायचा. आता मालकांनी तो विभागच बंद केला होता. तुमच्याकडे घरी मशीन असेल तर काम घरी पाठवू, एवढं मात्र ते म्हणाले होते. पहिलं काम पक्ष्यांच्या पुस्तकाचं. शुक्रवारी एका चित्राचा नमुना द्यायचा, तो पसंत पडला तर अख्खं पुस्तक मास्तरांचं. नाही पडला तर ते दुसऱ्या कुणाकडे जाणार, आणि मास्तरांनी उरलेलं आयुष्य पेपरातलं कोडं सोडवत काढायचं. त्या कोड्याची त्यांना मनापासून भीती वाटत होती.

घरीच एकेक भाग निवडून कॉम्प्युटर जोडू, ही कल्पना सुनेची. तिने कॉलेजात असताना स्वतःचा जोडला होता. ग्राफिक्स कार्ड कोणतं, मेमरी किती, डिस्क कुठली, अशी यादी तिने व्यवस्थित लिहून दिली आणि बाकी कुठेही हात आखडता घ्या पण मॉनिटरचा पडदा उत्तम घ्या, असं दोनदा बजावलं. यादीत खोट सापडेना. पण दुकानदार तिचा वर्गमित्र निघाला, आणि तिथे माशी शिंकली. मास्तरांनी तीच यादी गुपचूप आणखी तीन दुकानांत दाखवली. तिघांनीही ती चांगली म्हटली. तेव्हा त्यांची खात्री पटली की हे सगळे चोर चोर मावसभाऊ आहेत.

बायकोला या स्वभावाची सवय होती. देव प्रसन्न झाला तरी तुम्ही आधी त्याचं ओळखपत्र मागाल, असं ती म्हणायची. गेल्याच वर्षी त्यांनी भिंती रंगवणाऱ्याशी कडाक्याचं भांडण केलं होतं, पांढरा सांगून त्याने सायीचा रंग फासला म्हणून. त्यानंतर कपडे धुवायची पावडर तीनदा बदलली, कारण शर्ट पिवळे पडतात. बायको म्हणायची, मला तर पांढरेच दिसतात. हिला पहिल्यापासून रंगातलं काही कळत नाही, अशी मास्तरांनी मनाशी नोंद केली होती.

मंगळवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर जोडला गेला. ग्राफिक्स कार्डाचा शेवटचा स्क्रू सुनेने मुद्दाम त्यांना पिळायला दिला. बटण दाबताच पंखे फिरले आणि मास्तरांना लहान मुलासारखा आनंद झाला. मग पडदा उजळला, त्यावर कोरं पांढरं पान आलं, आणि आनंद तिथेच विरला. पान पिवळट होतं.

सुनेने पडदा बदलून आणला. दुसराही पिवळट. मग दुसऱ्या कंपनीचा आणला, रिक्षात मांडीवर धरून. तोही तसाच. मधल्या काळात मास्तरांनी ग्राफिक्स कार्डावर संशय घेतला, वायरवर घेतला, खोलीतल्या दिव्यावर घेतला. शेवटी सुनेने दुकानातून रंग मोजायचं यंत्र मागून आणलं आणि पडद्यावर टेकवलं. यंत्र म्हणालं, पांढरा बरोबर आहे.

"दुकानदाराचं यंत्र दुसऱ्या कुणाची साक्ष देणार?" मास्तर म्हणाले.

यंत्राची वायर गुंडाळताना सुनेचा हात जरा जोरात चालला.

शुक्रवार तोंडावर आला होता, हातावर हात ठेवून बसणं परवडणारं नव्हतं. त्याच पडद्यावर त्यांनी नमुन्याचं चित्र उघडलं. तळ्याकाठी एका पायावर उभा असलेला बगळा. बगळाही पिवळटच. मास्तरांनी आकडे बघितले नाहीत. आकडे बघून रंग जुळवणाऱ्यांची त्यांना कीव यायची. पिवळा थोडा काढला, आणखी थोडा काढला, सकाळभर काढत राहिले, तेव्हा कुठे बगळा मनासारखा पांढरा झाला. चहा ठेवायला आलेली सून क्षणभर मागे थांबली. बगळा जरा निळसर वाटतोय का, असं तिने भीतभीतच विचारलं. एकतीस वर्षांत मला असं विचारायची कुणाची छाती झाली नाही, एवढंच मास्तर म्हणाले. ती गेली. मागून स्वयंपाकघरात सासूसुनांची कुजबुज ऐकू आली, आणि आता बायकोही त्यांना सामील आहे हे मास्तरांना कळून चुकलं.

मग त्यांनी छापखान्यातलं भिंग काढलं. छापलेल्या कागदावरचे ठिपके बघायचं ते लहानसं भिंग. इतकी वर्षं उजव्या हाताने उजव्या डोळ्याला लावून त्याची कड गुळगुळीत झाली होती. पडद्याला टेकवलं तर कोऱ्या पांढऱ्यात तीन रंगांच्या बारीक रेघा दिसल्या. लाल झकास, हिरवी झकास. निळी मलूल, जीव नसल्यासारखी. सापडला चोर. त्यांनी सुनेला हाक मारली आणि बघायला लावलं.

"मला निळी चांगली ठसठशीत दिसते, बाबा."

"तुला दिसणारच," ते म्हणाले.

हे तिला लागलं. तिचे डोळे भरून आले, पण ती भांडली नाही. आत्ताच परत करून येते, म्हणाली, आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन पडद्याच्या मागे गेली. मास्तरांनी पडदा बंद करू दिला नाही. नेण्याआधी शेवटचं एकदा बघून ठेवतो, उद्या तुझा मित्र नाकबूल व्हायला नको.

"मग कड घट्ट धरा," ती मागून म्हणाली. "खालचा स्टँड सुटला की पडदा पडेल."

त्यांनी उजव्या हाताने पडदा धरला. भिंग डाव्या हातात घ्यावं लागलं, आणि डाव्या हातातलं भिंग आपसूक डाव्या डोळ्याला लागलं.

निळी रेघ लखलखीत होती.

त्यांनी डोळा काढला, भिंग सदऱ्याला पुसलं, पुन्हा लावलं. लखलखीत. मान वाकडी करून उजवा लावला. मलूल. पुन्हा डावा. मग भिंग खाली ठेवून त्यांनी उजवा डोळा मिटला आणि समोरच्या भिंतीकडे पाहिलं. भिंत पांढरी होती. भांडण करून अर्धी मजुरी कापलेली ती भिंत, चांगली दुधासारखी पांढरी होती. अंगातल्या शर्टाची बाही बघायचं त्यांच्या मनात आलं, पण धीर झाला नाही.

पडद्यावर त्यांनी बगळा उघडला, तसाच एका डोळ्याने. तळ्याकाठी थंडीने गारठलेला, निळाजांभळा पक्षी उभा होता. हा उद्या मालकांकडे जाणार होता.

मागे दुसरा स्क्रू सैल होऊ लागला.

"राहू दे," मास्तर म्हणाले.

सून बाहेर डोकावली. सासऱ्यांनी उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला होता. ती त्या हाताकडे बघत राहिली, मग पडद्यावरच्या बगळ्याकडे. काढलेला स्क्रू तिने परत बसवला आणि सैल झालेला पिळून घट्ट केला.

मास्तरांनी शेजारची खुर्ची ओढून पुढे केली. ती बसली. त्यांनी माऊस हातात घेतला, काढलेला पिवळा पुन्हा भरायची पट्टी शोधली आणि पडद्याकडे न बघता तिच्याकडे पाहिलं.

"मी हळूहळू वाढवतो," ते म्हणाले. "कुठे थांबायचं ते तू सांग."

त्यांनी पट्टी सरकवायला सुरुवात केली. अजून, ती म्हणाली. अजून थोडा. अगदी किंचित.

"बस, बाबा."

मास्तर थांबले.