शेपटीचा मान

रविवारी नवे पाहुणे आले की त्यांची पारख करायची, हा टिरोलच्या डोंगरातल्या त्या खेड्यातल्या स्की-शाळेचा रिवाज. प्रत्येकानं बर्फाच्या उतारावर तीन वळणं घेऊन दाखवायची आणि लाल जाकिटातल्या शिक्षकांनी तुकड्या पाडायच्या. त्यांतल्या बुर्गीला वळणं बघायचीही गरज पडत नसे. बावीस हिवाळे ती हेच करत होती. माणूस बूट कसा चढवतो यावरून ती त्याची लायकी सांगायची आणि तोंडावर सांगायची. म्हणूनच गेल्या वर्षी तिच्याविरुद्ध तीन तक्रारी आल्या होत्या.

या रविवारी आलेल्या डेटमरनं तर बूट चढवायला बायकोला खाली वाकवलं. हानोवरला त्याचा स्वयंपाकघरातली कपाटं बनवायचा कारखाना होता. हेल्मेटवर कॅमेरा, मनगटावर वेग मोजणारं घड्याळ, आणि वळण म्हणाल तर अडकलेला ड्रॉवर ओढल्यागत!

"मला वरच्या तुकडीत घे," तो म्हणाला. "घड्याळ म्हणतं मी तरबेज आहे."

"मग घड्याळालाच पाठव की वर," असं बुर्गीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तिनं ते गिळलं.

गिळायला कारण होतं. शाळेचा म्होरक्या कासियान या हिवाळ्याअखेर निवृत्त होत होता. म्होरक्याची शिट्टी कुणाच्या गळ्यात घालायची? बुर्गीच्या, की त्याच्या जावयाच्या, रोमेडच्या? कासियाननं सांगून टाकलं होतं, "या आठवड्यात तक्रार आली नाही, तर बुर्गी. आली, तर रोमेड."

रोमेड! पाहुण्यांच्या फोटोत हसायला पुढं, आणि बर्फातून माणूस ओढून काढायचा म्हटलं की याची पाठ धरलेली. बायका पडल्या तरी "वा, काय सुरेख पडलीस!" म्हणणारा. त्याच्या हाताखाली काम करण्यापेक्षा मी गाईंचं शेण काढीन, असं बुर्गी गावभर सांगत सुटली होती. म्हणून तिनं डेटमरला आपल्या वरच्या तुकडीत घेतलं.

तुकडी निघाली की शिक्षक सर्वांत पुढं आणि तुकडीतला सर्वांत भरवशाचा माणूस सर्वांत मागं. त्याला ते शेपटी म्हणतात. कुणी पडलं तर शेपटीनं थांबायचं, पडलेल्याच्या वर उतारावर आपल्या स्की फुलीसारख्या रोवायच्या आणि मदत येईपर्यंत हलायचं नाही. बुर्गीच्या तुकडीत हा मान अकरा वर्षं आलर्सबाईंचा. ब्रेमेनच्या निवृत्त शिक्षिका, वय सदुसष्ट. वेग बेताचा, पण एकदाही कुणाला मागं टाकून आल्या नव्हत्या.

गुरुवारी डेटमरनं काठी आपटली. "शेपटी म्हणजे सर्वांत पटाईत ना? मग ही म्हातारी तिथं काय करते? मी काय फुकट आलोय? कासियानशी बोलावं लागेल मला."

डोंगरावर सगळे एकमेकांना अरे-तुरेच करतात, मंत्री असो की गवळी. बुर्गीनं बावीस वर्षांत तिथं कुणाला अहो म्हटलं नव्हतं.

"बरं, आज तुम्ही व्हा शेपटी," ती म्हणाली. "बाई, तू जरा पुढं ये."

आलर्सबाई एक जागा पुढं सरकल्या.

मधल्या वळणावर धुकं उतरलं. तिथं थांबून डोकी मोजायची, हा नियम. पण सकाळपासून डेटमर कुरकुरत होता, "एवढं थांबायचं तर मी बसनं जातो!" बुर्गी थांबली नाही. खाली येऊन मोजलं, तर आठांपैकी सात.

डेटमर घड्याळ बघत होता. "ताशी बासष्ट किलोमीटर!"

"आलर्सबाई कुठंय?"

"ती? ती वर पडली. मी हात केला तिला. चांगला वेग धरला होता, थांबलो असतो तर गेला असता."

बुर्गीनं त्याला काय म्हणावं? काहीच म्हणाली नाही. तेवढं भान तिला तेव्हाही होतं, आणि त्याचीच तिला पुढं सर्वांत जास्त लाज वाटली. लिफ्टनं ती पुन्हा वर गेली.

पडून चाळीस मिनिटं झाली होती. आलर्सबाईंनी सरपटत जाऊन आपल्याच स्की आपल्याच वर फुली करून रोवल्या होत्या आणि गुडघा धरून त्या बसल्या होत्या. ओठ निळे पडले होते.

"बाई, कुठं लागलं?"

"गुडघा गेला बहुतेक." मग जरा थांबून म्हणाल्या, "सकाळी मला शेपटीवरून काढलंस ना, तेव्हाच समजले. मी म्हातारी झाले. तुला ते आधी दिसलं."

बुर्गी त्यांचा पाय बांधत राहिली.

शुक्रवारी दुपारी पाहुण्यांना बक्षिसं वाटून झाल्यावर कासियाननं सगळ्या लाल जाकिटांसमोर एक पत्र वाचलं. डेटमरचं. 'माझी पात्रता ओळखणारी ही पहिलीच शिक्षिका.' लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"थांबा," बुर्गी म्हणाली. "त्याला शेपटी मी दिली. तक्रार नको म्हणून दिली. मधे थांबलेही नाही. आलर्सबाई माझ्यामुळं पडून राहिली."

"ठाऊक आहे," कासियान शांतपणे म्हणाला. "तुकडी सांभाळायला तुला कुणी शिकवायला नको. पाहुणा सांभाळणं तेवढं जमत नव्हतं. या आठवड्यात तेही जमलं." आणि त्यानं शिट्टी तिच्या गळ्यात घातली.

सर्वांत जोरात टाळ्या रोमेडनं वाजवल्या. "ये बुर्गी, ये! आता तूही आमच्यातलीच!"

काढून फेकायला काय लागतं, एक दोरी तर होती! पण बावीस वर्षं जिची वाट बघितली ती गळ्यातून काढायला हात वर गेला नाही. जाकिटाची चेन तेवढी तिनं हनुवटीपर्यंत ओढली आणि तशीच ती आलर्सबाईंच्या खोलीवर गेली.

बाई पाय उशीवर ठेवून बसल्या होत्या. सामान बांधून झालं होतं. बुर्गीनं दारातच सगळं सांगून टाकलं. डेटमरची धमकी, कासियानची अट, आणि मिळालेली शिट्टी.

"तू म्हातारी झालीस म्हणून नाही गं काढलं तुला," ती म्हणाली. "एवढं तुला सांगायलाच हवं होतं."

आलर्सबाईंनी तिच्या हनुवटीपर्यंत ओढलेल्या चेनकडे पाहिलं.

"कशाला सांगितलंस?" त्या म्हणाल्या. "त्यापेक्षा म्हातारपण परवडलं असतं."