काळ्या चौकटीतला संघ

स्टोइलने चुन्याची बादली मैदानाच्या कोपऱ्यात टेकवली आणि ताणलेल्या दोरीला धरून पांढरी रेघ ओढायला घेतली, तेवढ्यात कुंपणापलीकडून दिमानाकाकूंची हाक आली.

"अरे स्टोइल, गहू किती उकडू?"

"गहू कशाला?"

"ऐका! कशाला म्हणे. संध्याकाळसाठी. एक मोठं पातेलं पुरेल का? वरच्या आळीतल्या बायकाही करताहेत, पण त्यांच्या हातून साखर सुटत नाही."

स्टोइल कंबर धरून सरळ झाला. साखर आणि अक्रोड घातलेले उकडलेले गहू गावात एकाच कारणासाठी होत. गेलेल्या माणसाच्या नावाने वाटायला. त्याने मनातल्या मनात गावातले सगळे म्हातारे एकदा फिरून पाहिले. काल संध्याकाळी गुत्त्यात तर सगळे धडधाकट होते.

"कोण गेलं, काकू?"

"अरे देवा! जाऊन बारा वर्षं झाली आणि हा आज विचारतोय कोण गेलं! माझ्या फाटकाला कागद तूच चिकटवलास ना?"

स्टोइल तसाच चुन्याच्या हातांनी काकूंच्या फाटकापाशी गेला. शुक्रवारी त्याने स्वतः खळ लावून चिकटवलेला कागद तिथे होता. चारी बाजूंनी जाड काळी चौकट. वर मधोमध संघाचा जुना फोटो. मागच्या रांगेत हाताची घडी घालून उभा असलेला, मिशीवाला स्टोइल. खाली मजकूर होता. 'बारा वर्षं सरली. आम्ही विसरलो नाही. आपला लाडका सुगी फुटबॉल संघ. रविवारी पाच वाजता मैदानावर जमावे.'

एकही शब्द खोटा नव्हता. कान्चो छापखानेवाल्याला हा मजकूर त्यानेच सांगितला होता. पण माणूस गेलं की त्याचा फोटो असाच काळ्या चौकटीत फाटकावर, खांबावर, बसथांब्यावर लागतो. चाळिसाव्या दिवशी पुन्हा लागतो, सहा महिन्यांनी लागतो, मग वर्षा-वर्षाला. गावात माणसं कमी आणि असे कागद जास्त झाले होते. खांबावरचा कागद म्हणजे काळी चौकट, हे स्टोइलच्या डोळ्यांना इतकं सवयीचं होतं, की चिकटवताना त्याला काही खटकलंच नाही. चौकट नसती तर कदाचित खटकलं असतं.

त्याने तिथूनच कान्चोला फोन लावला.

"काळी चौकट कशाला घातलीस रे गाढवा?"

"मग कसली घालू?" कान्चो म्हणाला. "लग्न असलं की लोक एकमेकांना फोन करतात. माझ्याकडे येतात ते रडतच येतात. आणि तू काय हसत आला होतास का?"

ते मात्र खरं होतं. स्टोइल त्या दिवशी सरपंचबाईंच्या कचेरीतून थेट छापखान्यात गेला होता.

सुगी संघ मेला तो शेवटच्या सामन्याला सातच जण आले तेव्हा. पोरं जर्मनीच्या गोदामांत आणि स्पेनच्या स्ट्रॉबेरीच्या शेतांत गेली होती. पुढे ती साखळी स्पर्धाही बंद पडली. मैदानावर मेंढ्या चरू लागल्या. या वसंतात मात्र डॅन्यूब नदीच्या दोन्ही काठांवरच्या गावांनी मिळून नवी साखळी काढली, आणि स्टोइलने दारोदार फिरून अकरा माणसं उभी केली. पाववाला नेदको, मेंढ्यांवाले दोघे भाऊ, पोस्टमन, आणखी कोण कोण. निम्म्यांच्या पोटावर जर्सी पुरत नव्हती. पण अकरा झाले होते.

सरपंच झ्लातिनाबाईंनी तेव्हा चष्मा काढून टेबलावर ठेवला होता.

"स्टोइलकाका, त्या जागेवर सौर विजेची पॅनेलं बसवायला एक कंपनी तयार आहे. मंगळवारी तिची माणसं येताहेत. मेंढ्या सोडल्या तर तिथे जातं कोण? तुमच्या सरावाला मी आले होते. मी, तुम्ही आणि एक कुत्रं."

"सामन्याला गाव येईल."

"येऊ दे. गाव आलेलं मला दिसलं, तर मी त्या माणसांना परत पाठवीन. नाही आलं तर तुम्ही हट्ट सोडायचा."

आणि आता गाव येणार होतं. गहू उकडून, काळे कपडे घालून.

घरी राद्काने, त्याच्या बायकोने, सगळं ऐकून घेतलं आणि पदर तोंडाला लावावा तसा हातातला टॉवेल तोंडाला लावला. ती रडतेय असं त्याला वाटलं. ती हसत होती.

"जाऊन सगळे कागद फाडून येतो," स्टोइल म्हणाला.

"फाडा की. मग तुम्ही, झ्लातिना आणि ते कुत्रं."

त्याने कागद फाडले नाहीत.

पाच वाजायच्या आधीच लोक यायला लागले. वरच्या आळीतून, खालच्या आळीतून, शेजारच्या दोन गावांतूनही. गेल्या कित्येक वर्षांत गावात इतकी माणसं एका ठिकाणी कुणी पाहिली नव्हती. बायकांच्या डोक्यांना काळे रुमाल होते, हातात पातेली होती, फुलं होती. पुरुषांनी बगलेत रकियाच्या, घरी गाळलेल्या दारूच्या, बाटल्या धरल्या होत्या. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. सुगीचे अकरा जण हिरव्या जर्सीत गोलखांबापाशी अंग चोरून उभे होते, आणि म्हाताऱ्या त्यांच्या गालांवरून हात फिरवून पुढे जात होत्या.

"माझ्या गालाला आतापर्यंत चार हात लागले," नेदको पुटपुटला. "स्टोइल, मी मेलोय का?"

"धावायला लागलास की कळेल."

तेवढ्यात नदीवरून पाहुणे आले. पलीकडच्या काठचा रुमानियन संघ होडीतून उतरून, पिशव्या खांद्याला लावून, गाणी म्हणत बांध चढून वर आला. समोर काळा जमाव दिसताच गाणं मधेच तुटलं. त्यांच्या कप्तानाने, पेत्राके नावाच्या उंच माणसाने, टोपी काढली. बाकीच्यांनीही काढल्या. ते रांगेत आले आणि एकेकाने स्टोइलचा हात दोन्ही हातांत धरून दाबला.

स्टोइलने तरुणपणी मालवाहू बोटींवर काम केलं होतं, त्यामुळे त्याला त्यांची भाषा मोडकीतोडकी येत होती.

"फार वाईट झालं," पेत्राके म्हणाला. "तुमचे कोण?"

तेवढ्यात झ्लातिनाबाई पुढे आल्या. अंगात काळा कोट, पायात उंच टाचांचे बूट. मागून दोघांनी पंचायतीचं भलं मोठं पुष्पचक्र उचलून आणलं होतं.

"स्टोइलकाका," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "शहाणपणा केलात. मला वाटलं होतं तुम्ही ऐकणार नाही. मैदानाला निरोप असा चारचौघांत दिला की मनाला बोचत नाही. मी कंपनीला तसं कळवते."

आता गप्प बसलं, तर हे सगळं गाव मैदान पुरायलाच आलं होतं असं ठरणार होतं. जन्मात स्टोइलने चार माणसांपुढे तोंड उघडलं नव्हतं. कप्तान असतानाही तो नुसता बोट दाखवायचा. त्याने पंचाच्या काखेतला चेंडू काढून घेतला, मधल्या वर्तुळात जाऊन उभा राहिला, आणि घसा दोनदा खाकरला.

"मंडळी," तो म्हणाला. "चूक माझी आहे. कागद कान्चोने छापला, पण लावला मी. इथे कुणी मेलेलं नाही."

त्याने चेंडू एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतला.

"म्हणजे संघ मेला होता. आता नाहीये. आज सामना आहे. हे पलीकडचे पाहुणे खेळायला आलेत. ज्याला जायचं असेल त्याने जावं. म्हणजे... गहू खाऊन जावं."

कुणी जागचं हललं नाही. राद्का कुठे दिसते का ते स्टोइल पाहू लागला.

मग दिमानाकाकू पुढे सरकल्या. त्यांच्या हातात झेंडूची फुलं होती. मेलेल्याला फुलं सम संख्येत द्यायची, जित्याला विषम, हे तिथल्या लहान लेकरालाही ठाऊक असतं. काकूंनी जुडीतून एक फूल उपसलं, ते कानामागे खोचलं, आणि उरलेली जुडी नेदकोच्या हातात कोंबली.

"मग रडत का बसलाय रे मेल्यांनो? खेळा!"

एक हसू फुटलं, मग दुसरं, मग सगळ्या मैदानभर. बायकांनी भराभरा आपापल्या जुड्यांतून एकेक फूल ओढून काढलं. गोलखांबामागचं गवत पिवळं, लाल, पांढरं होऊन गेलं. पेत्राकेने काय झालं ते विचारलं, आणि स्टोइलने मोडक्या भाषेत सांगितल्यावर तो माणूस गुडघ्यांवर हात टेकून इतका हसला, की पंचाला शिट्टी थोडी थांबवावी लागली.

सामना काही चांगला झाला नाही. पाहुणे तरुण होते. सुगीची माणसं पहिल्या पाव तासातच घोड्यांसारखी धापा टाकू लागली. मध्यंतराला त्यांनी म्हाताऱ्यांच्या पातेल्यांतून मुठी भरभरून गहू खाल्ले. पाहुण्यांनीही खाल्ले, आणि आपल्याकडे यात दालचिनी घालतात असं सांगितलं. त्यावर दिमानाकाकूंनी त्यांच्याशी वाद घातला. त्यांची भाषा येत नसतानाही जिंकला.

उत्तरार्धात चार गोल खाऊन झाल्यावर कोपऱ्यातून आलेला एक चेंडू नेदकोच्या पाठीवर आपटला. नेदको तेव्हा बुटाची नाडी बांधत होता. चेंडू हळूच जाळीत गेला. क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग काळ्या रुमालांचा सगळा घोळका कावळ्यांच्या थव्यासारखा एकदम वर उडाला. पुरुषांनी नेदकोला उचलायचा प्रयत्न केला, पण तो उचलला गेला नाही.

"हा ऑफसाइड कसा काय?" रेघेजवळून एक आवाज सारखा चढत होता. "पंच, तुझ्या खोबणीत डोळे आहेत की गोट्या? धक्का दिला त्याने! मी पाहिलं! मी बघत होते!"

स्टोइलने वळून पाहिलं. झ्लातिनाबाईंनी कोट कुंपणावर टाकला होता. उंच टाचांचे बूट काढून हातात घेतले होते आणि त्यातला एक पंचाच्या दिशेने रोखला होता. शेजारच्या म्हाताऱ्याने पुढे केलेल्या पुडीतून त्या न बघता सूर्यफुलाच्या बिया उचलत होत्या आणि टरफलं थुंकत होत्या.

चार विरुद्ध एकने सुगी हरली. पाहुणे निघाले तेव्हा निम्मं गाव त्यांना होडीपर्यंत पोचवायला गेलं. उरलेलं निम्मं गवतात बसून बाटल्या संपवत होतं आणि नेदकोच्या पाठीबद्दल बोलत होतं.

स्टोइल कोपऱ्यावरची निशाणं उपटत होता. झ्लातिनाबाई अनवाणीच त्याच्याजवळ आल्या. काय बोलायचं ते त्याने गेले दोन दिवस मनात जुळवून ठेवलं होतं. तो निशाणं खाली ठेवून सरळ उभा राहिला.

"सरपंचबाई, मैदानाचं—"

त्यांनी हात वर करून त्याला थांबवलं. तोंड उघडलं, पण आत नुसता खरखराट झाला. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला.

"मंगळवारी ती माणसं येतील," त्या कशाबशा म्हणाल्या. "त्यांना परत पाठवायचं काम तुम्ही करा."

"मी? तुम्ही असणार ना तिथे?"

"असेन. पण बोलणार नाही." त्यांनी बुटातली माती झटकली. "पुढच्या रविवारी सामना पलीकडे आहे ना? तोवर मला घसा जपायचाय."