मालक माझ्यावर बसले तेव्हा

मित्रांनो, जरा जपून. टेकू नका माझ्यावर. मी एक जुनी खुर्ची आहे, रंगमंचावरची, आणि खरं सांगायचं तर आता पार दमले आहे. गादी बसली, हातांचा रंग उडाला, मागच्या पायाला भेग गेली. पण माझं गाऱ्हाणं बाजूला ठेवू. मला सांगायचंय ते मालकांचं.

नाट्यगृहाच्या मागच्या खोलीत एका फटकळ सुतारानं मला घडवलं. नाटकातली खुर्ची ती, लांबून दिसली की झालं, असं त्याचं म्हणणं. मालक मात्र हटून बसले. सागवानच पाहिजे, स्प्रिंगाही खऱ्याच पाहिजेत. मालक म्हणजे नाटक कंपनीचे निर्माते. नाटक निवडणं, माणसं जमवणं, रुसलेल्या नायिकेची समजूत काढणं, पडदा अडकला तर स्वतः शिडीवर चढणं, सगळं एकहाती. प्रयोगभर ते विंगेत उभे असायचे. त्यांना बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

त्यांचा एक नियम होता. नाटकातली वस्तू नाटकातच वापरायची. प्रयोग नसताना माझ्यावर कुणी बसायचं नाही. तालमीला सुद्धा नाही, तालमीला लोखंडी स्टूल. एकदा मोठ्या नावाचा एक नट माझ्यावर बसून चहा प्यायला, तर मालकांनी त्याला असं काही सुनावलं की चहा तसाच गार झाला. मी तेव्हा नवीकोरी. मला कोण अभिमान वाटला होता म्हणून सांगू!

पुढे दिवस फिरले. एकामागून एक नाटकं पडली. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात; कालपर्यंत मालक मालक करणारे रस्ता ओलांडून पलीकडून जायला लागले. कंपनी बंद पडली. कधीकाळी मालकांच्याच नाटकात काम करणाऱ्या एका बाईंनी स्वतःची कंपनी काढली होती. माझ्यासकट सगळं सामान त्यांच्याकडे गेलं.

मालकांची बायको आधीच गेली होती. एकुलती लेक दुसऱ्या गावी. ती म्हणाली, बाबा, पुष्कळ झालं, आता माझ्याकडे येऊन निवांत बसा. मालकांना बसणं म्हणजे शिक्षा. तेवढ्यात बाईंनी त्यांना विचारलं, एका म्हाताऱ्या बापाचं काम आहे, कराल का? मालकांनी जन्मात तोंडाला रंग लावला नव्हता, तरी हो म्हणाले. बापलेकीचं ठरलं: पहिला प्रयोग लेक बघेल. जमलं तर ठीक, नाहीतर सामान बांधून तिच्याबरोबर जायचं.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. तालमीत बाई सांगून थकल्या की खुर्चीवर बसून बघा, सवय करा. मालकांचं एकच पालुपद: "तालमीला स्टूल." मी कोपऱ्यात कापडाखाली झाकलेली. इतक्या वर्षांत माझ्या स्प्रिंगा किती ढिल्या पडल्यात, हे मालकांना कुठून कळणार?

कळलं ते पहिल्या प्रयोगाला, भरल्या थिएटरात. मालक माझ्यावर बसले ते बसले नाहीत, बुडाले. गुडघे छातीशी आले. प्रसंग असा होता की मुलगा घर विकायला निघालाय आणि बापानं ताडकन उठून त्याला दार दाखवायचं. वाक्याची वेळ आली. मालकांनी माझे दोन्ही हात धरले, जोर लावला. काही नाही. पुन्हा लावला. बुडत्याचा पाय खोलात! विंगेतून वाक्य सांगणाऱ्याचा आवाज कापायला लागला. तिसऱ्या रांगेत लेक पदराशी चाळा करत बसली होती. माझ्या हातांवर मालकांचा घाम उतरला होता. मी खुर्ची, मी काय करणार?

मग मालकांनी जोर लावणं सोडलं. पाठ टेकली, आणि अगदी हळू म्हणाले,

"मला उठायला लावू नकोस. तूच जा."

हे वाक्य नाटकात नव्हतंच. मुलाचं काम करणारा नट क्षणभर गांगरला, आणि मान खाली घालून खरंच निघून गेला. थिएटरात कुणी खोकलं सुद्धा नाही.

लेक एकटीच परत गेली. मालकांना कामावर काम मिळत गेलं. कधी सासरे, कधी निवृत्त मास्तर, कधी कुणाचा थोरला काका. लोक म्हणायचे, हा माणूस बसल्या बसल्या नाटक खाऊन टाकतो. फार चांगली वर्षं होती ती. मालकांना मी तशीच हवी होते, म्हणून माझ्या स्प्रिंगा कुणी बदलल्या नाहीत.

पण दम लागायला लागला. वाक्यं निसटायला लागली. शेवटी बाईंनी डोळ्यांत पाणी आणून बापाचं काम एका तरुण नटाला दिलं. मालकांना पहिल्या रांगेत मानाची जागा कायमची. लेक येऊन त्यांना घरी घेऊन गेली. तरुण नट केसांना पांढरा रंग लावून माझ्यावर बसतो. बरा करतो. पण त्याला उठता येतं, हे मला कळतं ना.

वर्ष झालं असेल, लेक एकटीच विंगेत आली. खूप थकलेली दिसत होती. बाईंना म्हणाली,

"दिवसभर खिडकीशी बसून असतात. दारावरची बेल वाजली की उठायला बघतात, आणि मला बघून परत बसतात. मीच त्यांना बसवलं हो. आता बघवत नाही. काहीतरी काम द्या त्यांना, कसलंही."

बाईंनी पात्रांची यादी काढून वरपासून खालपर्यंत वाचली. मग म्हणाल्या, शेवटच्या अंकात डॉक्टर येतो, त्याला एक अक्षर बोलायचं नाही, नुसतं आजारी बापाच्या खुर्चीमागे उभं राहायचं. मालकांना पटेल का? लेकीनं घरी फोन लावला. पलीकडून मालकांनी एकच विचारलं, तालीम किती वाजता?

लेकीनं इथेच भाड्यानं खोली घेतली, आता ते रोज येतात. पांढरा कोट घालून माझ्यामागे उभे राहतात. पाय लटपटतात, म्हणून माझ्या पाठीला घट्ट धरतात. बघणाऱ्यांना वाटतं, डॉक्टर काळजीत आहे.

मित्रांनो, दमल्याभागल्या माणसाला तुम्ही खुर्ची देता, ते चांगलंच आहे. पण मी स्वतः खुर्ची आहे, माझं ऐका: नुसती खुर्ची देऊन मोकळे होऊ नका. त्याला त्याच्या जोगं काम द्या. आणि जमलं तर माझा मागचा पाय कुणीतरी नीट करा. मला स्वतःसाठी काही नको, मी कधीची भंगारात जायला तयार आहे. पण मालक उभे आहेत, तोवर मला पडून चालायचं नाही.