शेरूचा गुडघा
“ओढा, गणपतराव. झटका नको. आणि मी सांगेपर्यंत सोडायचं नाही.”

टेबलावर शेरू भूल देऊन आडवा पाडलेला होता. त्याची मांडी टेबलाला घट्ट बांधली होती. जनावरांच्या दवाखान्यातले जुने मदतनीस गणपतराव यांनी पायाच्या नळीला बांधलेली पट्टी दोन्ही हातांत धरली आणि ते सावकाश मागे रेलले. डॉक्टर गिरिधर देवतळ्यांनी गुडघ्यात सारलेल्या बारीक दुर्बिणीला डोळा लावला. दुर्बीण माणसांची, हाडांच्या डॉक्टर मित्राकडून मागून आणलेली. कुत्र्याच्या गुडघ्यात तिला शिरायला जागाच नसते. पाय ताणून दोन हाडं जराशी दूर केली, तरच आतलं दिसतं.

“अजून थोडं.”

“ओढूनच राहिलो न, साहेब.”

फट उघडली. हाडांमधल्या गादीचा एक फाटका तुकडा आत सोडलेल्या पाण्यात हलत होता.

“दिसलं का काही?”

“दिसलं.”

तरी गिरिधरांचा हात चिमट्याकडे गेला नाही.

शेरू खरा सुभद्रेचा. रोज संध्याकाळी ती त्याला फिरायला नेई. कुठे, हे गिरिधरांनी बायकोला कधी विचारलं नव्हतं. ती वारली, आणि मग रोज संध्याकाळी त्याच वेळेला शेरू फाटकावरून उडी मारून एकटाच जाऊ लागला. अंधार पडल्यावर परते. त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात अशाच एका उडीत त्याचा गुडघा दुखावला. तेव्हापासून तो घरातच असे. गिरिधर वाचत बसले की लंगडत येऊन खुर्चीशेजारी अंग टाकी. पान उलटताना त्याचा श्वास ऐकू येई. शस्त्रक्रिया त्यांनी काही ना काही कारण काढून पावसाळाभर लांबवली होती.

“साहेब, हात भरून आले माहे.”

“हो. झालंच.”

त्यांनी चिमटा आत सारला.

दिवाळी सरल्यावर शेरू चारही पाय नीट टेकू लागला. एका संध्याकाळी तो फाटकाशी जाऊन उभा राहिला. पुन्हा उडी नको, म्हणून गिरिधरांनी कडी काढली. शेरू मागे वळून न पाहता चालू लागला. गिरिधर फाटक धरून उभे राहिले. मग पायांत चपला सरकवून त्याच्या मागे निघाले.

कुत्रा उतार उतरून थेट फुटाळा तलावावर गेला. काठाशी एक म्हातारी शिंगाड्यांची टोपली घेऊन बसली होती. शेरू तिच्या पायाशी जाऊन टेकला.

“कुठी होता रे इतके दिवस?” तिनं त्याच्या मानेवरून हात फिरवला आणि वर पाहिलं. “तुमी बाईचे मालक न जी? डॉक्टर?”

“हो.”

“सांगत जात बाई. पयले त्या यायच्या बंद झाल्या. मंग हा एकटाच ये, मंग हाही बंद झाला. बऱ्या हायेत न बाई?”

गिरिधरांनी पाण्याकडे पाहिलं. आजवर त्यांना हे कुणाला सांगावं लागलं नव्हतं. जो भेटे, त्याला आधीच कळलेलं असे.

“सुभद्रा गेली,” ते म्हणाले. “पौषात.”

सोलायला घेतलेला शिंगाडा म्हातारीच्या हातात तसाच राहिला. तिनं तो टोपलीत टाकला आणि टोपली बाजूला सरकवली.

“बसा,” ती म्हणाली. “कसं झालं, सांगा.”