गार इंजिन

नवलने गाडीजवळ गेल्या गेल्या इंजिनवर तळहात ठेवला आणि लगेच मागे घेतला. इंजिन चांगलंच तापलेलं होतं.

"आबा, गाडी आत्ताच चालवली का?"

"तुम्ही येणार म्हनीसन चालू करी ठेवी," चुडामण आबा म्हणाले. "मार किक. एका किकमां सुरू व्हई जाई."

नवलने किक मारली नाही. त्याने बायकोकडे, मोहिनीकडे पाहिलं. तिला कारण सांगायची गरज नव्हती.

नवलचं जळगावात चष्म्याचं दुकान आहे. जुन्या येझदी मोटरसायकलचं वेड त्याला कॉलेजपासून. दोन वर्षांपूर्वी त्याने नशिराबादला हायवेवरच्या एका एजंटाकडून एक येझदी घेतली होती. नवा रंग, चकचकीत टाकी, दोन्ही सायलेन्सर आरशासारखे. तो पोचला तेव्हा एजंटाने ती आधीच चालू करून ठेवली होती आणि तिचा आवाज ऐकूनच नवल हरखला होता; गार इंजिन कसं चालू होतं ते त्याने पाहिलंच नव्हतं. आठवडा उलटायच्या आत बोदवडजवळ पिस्टन जाम झाला. गाडी टेम्पोत घालून घरी आली आणि शेवटी सुट्या भागांच्या भावात गेली. लोकांच्या चष्म्याचे नंबर काढणाऱ्याला स्वतःला काही दिसलं नाही, असं घरात, दुकानात, सासरी सगळीकडे म्हणून झालं. नवलही हसायचा. पण तेव्हापासून दुकानासाठी साधं कपाट घ्यायचं तरी तो महिनाभर ठरवत बसायचा. आबांच्या या गाडीची जाहिरात मोबाइलवर मोहिनीनेच शोधली होती आणि तिनेच त्याला सकाळच्या पॅसेंजरने शिंदखेड्याला आणलं होतं. तिथून हे गाव रिक्षाने जवळच.

"आबा," नवल म्हणाला, "मला ती गार झाल्यावर चालू करून बघायची आहे."

आबांचा चेहरा उतरला. "मन्हावर भरोसा नही का?"

"तसं नाही," नवल म्हणाला, आणि 'जाऊ द्या, मारतो किक' हे शब्द त्याच्या ओठांवर आले. तेवढ्यात मोहिनी ओट्यावर जाऊन बसली आणि पर्स मांडीवर घेऊन म्हणाली, "आम्हाला घाई नाही, आबा. परतीची गाडी संध्याकाळी आहे."

आबा गोठ्याकडे निघून गेले. पाय ओढत चालत होते.

मग नवल गाडीपाशी बसला. आरसी बुकातला चासी नंबर चासीवर ताडून पाहिला, जुळला. मोबाइलचा टॉर्च लावून टाकीत डोकावला. तळाशी थोडा गंज, पण पापुद्रे नव्हते. पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत धरून हँडल हलवलं, ते ताठ होतं. मागचं चाक आडवं ढकललं तर टकटक वाजलं, म्हणजे आतलं बुश झिजलेलं. स्पोकवर पाना वाजवत फिरला. एकदोन ठिकाणी आवाज बसका आला, ते ढिले होते. रंग मूळचाच होता, उन्हाने विटलेला. एजंटाकडच्या गाडीला त्याने यातलं काहीच केलं नव्हतं. तिथे तो नुसता बघत उभा राहिला होता.

आबांची बायको, ताईबाई, चहा घेऊन आली.

"त्यासले राग उना, पन तुम्ही मनवर घेऊ नका," ती मोहिनीला म्हणाली. आणि आवाज खाली आणून पुढे म्हणाली, "त्यास्ना गुडघा दुखस. किक मारता येस नही. सकायले आम्ही दोन्हीसनी ढकली, तवय चालू व्हयनी."

"तुम्ही ढकलली, अक्का?" मोहिनीने विचारलं.

"मंग कोन?" ताईबाई म्हणाली आणि हसली.

बऱ्याच वेळाने इंजिनवर हात टिकायला लागला. आणखी थोडं थांबून, ते पुरतं गार झाल्यावर नवलने किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. पुन्हा. शर्ट पाठीला चिकटला, पाय भरून आला, गाडी ढिम्म. गोठ्याच्या दारातून आबा बघत होते. अखेर ते आले.

"अशी चालू व्हवाव नही ती," ते म्हणाले. "सरक बाजूले."

त्यांनी चॉक ओढला, कार्बोरेटरवरची बारकी पिन पेट्रोल पाझरेपर्यंत दाबून धरली, चावी बंद ठेवून नवलला दोनदा सावकाश किक मारायला लावली. मग चावी लावली. "आते मार. जोरमां."

गाडी सुरू झाली. अंगण पांढऱ्या धुराने भरून गेलं. कोंबड्या पळाल्या. नवल धुराकडे बघत उभा राहिला. इंजिन तापलं, आवाज एकसारखा झाला, तरी धूर काही कमी होईना.

"थांबेल का हा?" त्याने विचारलं.

आबांनी गाडी बंद केली.

"नही," ते म्हणाले. "इंजिननं सील गयं शे. गिअरनं तेल पेस ती. महिनाले टाकनं पडस." मग जणू बांध फुटावा तसे ते बोलत सुटले. तिसरा गिअर चढावर सुटतो, पायाने दाबून धरावा लागतो. पुढचा ब्रेक नावाला आहे. डायनॅमो पावसात दगा देतो. मागचं बुश तर तू पाहिलंच.

"मंग पहिलेच काबर नही सांगं?" ताईबाईने विचारलं.

"पहिला गिऱ्हाईक उनाथा, त्याले बठ्ठं सांगं," आबा म्हणाले. "तो म्हने भंगार शे. पोरीस्ना लगीन, दवाखाना, बजार, बठ्ठं ह्या गाडीवर करं मी. तिले भंगार म्हने तो. मंग मी सांगनंच सोडी दिधं."

नवल रुमालाने हात पुसत राहिला. तिसऱ्या गिअरचं त्याला कधीच कळलं नसतं. तो म्हणाला, "आबा, मागे बसता का? चढावर नेऊन बघू."

गावाबाहेर कॅनॉलच्या चढावर तिसरा गिअर खरंच सुटला. आबांनी मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवून पाय कसा दाबायचा ते सांगितलं. दुसऱ्या वेळी तो सुटला नाही. इंजिनात ठोके नव्हते. गाडी ओढत होती. परतताना नवलला कळलं की आपण बराच वेळ आवाज ऐकायचं विसरून नुसती गाडी चालवतोय.

अंगणात गाडी लावून तो मोहिनीजवळ आला. "खर्च आहे. सील, गिअर, ब्रेक, सगळंच."

"घ्यायची का?"

"घ्यायची," तो म्हणाला. दोन वर्षांत त्याने असं चटकन उत्तर दिलं नव्हतं.

दुरुस्तीचा खर्च वजा करून भाव ठरला. आबांनी घासाघीस केली नाही. दुसऱ्या दिवशी पिकअपमधून गाडी धुळ्याला एका जुन्या मिस्तरीकडे गेली. त्याने इंजिन उघडून फोनवर सांगितलं की क्रँक चांगला आहे, सिलिंडरही अजून एकदा बोर करण्याइतका, म्हणजे आतून कातून घेण्याइतका शिल्लक आहे.

गाडी तयार झाली तेव्हा नवल आणि मोहिनी बसने धुळ्याला गेले. गॅरेजच्या दारात चुडामण आबा बसलेले होते, शेजारी ताईबाई; नवलने त्यांना फोनवर कळवलं होतं. आबांच्या पायाशी एक पिशवी होती.

"क्लच प्लेटा शेतस, नवी चेन शे, एक किकना दांडा शे," आबा म्हणाले. "कवयना जमा करी ठेयेल. मना काय कामना?"

नवलने पिशवी घेतली. "आबा, बसा मागे. पारोळा चौफुलीपर्यंत चला, तिथून आम्ही जळगावला निघू."

"गुडघा," ताईबाई म्हणाली.

"गुडघाले काय व्हस," आबा म्हणाले आणि मिस्तरीच्या खांद्याला धरून चढून बसले.

मोहिनी आणि ताईबाई रिक्षाने मागोमाग निघाल्या. चौफुलीवर पोचल्या तर तिथे दोघेही नव्हते. मोहिनीने फोन लावला. गाडीच्या आवाजातून नवल ओरडून सांगत होता की आबा म्हणतात अजून थोडं पुढे चल, तिसऱ्यावर चढ घेऊन बघायचाय.

"बसू द्या त्यासले," ताईबाई म्हणाली. ती उसाच्या रसाच्या गाड्याकडे वळली आणि दोन ग्लास सांगितले.