गुरुवारी रडणारी भिंत

१९९७ साल. किर्गिझस्तानात, बिश्केकमधल्या आमच्या इमारतीच्या जिन्यावर दर गुरुवारी रांग लागायची. कानिशाय आपाच्या घरची भिंत रडत होती.

तिचा मुलगा एमिलबेक रशियात बांधकामावर गेला आणि शवपेटीतून परत आला. आमच्यात गुरुवारी मेलेल्यांसाठी तेलात पोळ्या तळतात. तो वास त्यांना पोचतो म्हणतात. पोळ्या झाल्या, माणसं जमली, चहा झाला, की भिंतीवर थेंब फुटायचे. एरवी नुसती ओल.

"पोरगा रडतोय!" शेरबोत मांत्रिक डोळे फिरवायचा. "हे अश्रू पी, आपा. गोळ्या फेकून दे. औषधाच्या वासाने आत्मा बिथरतो."

"आणि तुझ्या सातव्या कपाने?" शेजारच्या वेराकाकूने विचारलं.

"चहा त्याला चालतो."

आपाने हृदयाच्या गोळ्या सोडल्या. तिचे पाय सुजले. मीसुद्धा ते पाणी डोळ्यांना लावलं होतं. सांगायला लाज वाटते.

शेवटी तिची मुलगी जिपार, शाळेत विज्ञान शिकवणारी, सगळ्यांसमोर उभी राहिली. "या भिंतीमागे संडास आहे. वरची फ्लशची टाकी दादानेच बसवली होती. आज तिच्यात मी बिटाचा रस ओतलाय. आता साखळी ओढते. बघा."

थोड्या वेळाने भिंतीतून गुलाबी थेंब आले.

"रक्त!" शेरबोत किंचाळला.

"मग कोबी टाक, बिटाचं सूप होईल," वेराकाकू म्हणाली.

"गुरुवारी पाहुणे येतात, चहा पितात, संडासला जातात," जिपार म्हणाली. "दर वेळी टाकीखालच्या सांध्यातून पाणी भिंतीत मुरतं. बस, एवढंच."

आपाने विचारलं, "म्हणजे तो रडत नव्हता?"

"नाही, आई."

पाणी गळू नये म्हणून सांध्यावर एमिलबेकने गुंडाळलेला ताग कुजला होता. जिपार तो ओढायला लागली, तर आपाने तिचा हात धरला. "तू नको. त्याने बांधलंय, मी सोडवते." एकेक धागा तिने सोडवला. जिपारने नवा ताग गुंडाळून सांधा आवळला, खाली वर्तमानपत्र बांधलं, चार वेळा साखळी ओढली. कागद कोरडाच राहिला. आपा त्या कागदाकडे कितीतरी वेळ बघत होती.

शेरबोत दुसऱ्या गावी गेला, तिथेही त्याला भक्त मिळाले. वेराकाकू मुलाकडे रशियात गेली. जिपार अजून शिकवते. आपाने त्याच दिवशी गोळ्या सुरू केल्या, पण गोळ्यांवाचून गेलेले मधले चार महिने भरून निघाले नाहीत. त्याच हिवाळ्यात ती गेली.

भिंत ओली दिसली, तर आधी नळ तपासा. दुःख त्याने कमी होणार नाही. पण घरातलं जिवंत माणूस औषधावाचून जाणार नाही.