तेल लावून ठेवलेलं काम

मी एका जुन्या जीपच्या बॉनेटखालून बोलतोय. आवाज घोगरा वाटला तर समजून घ्या. घशात काजळी आहे, आणि ती आता कायमची आहे.

माझं नाव एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. नाव मोठं असलं तरी काम साधं आहे. इंजिनाला धूर बाहेर टाकायची चार तोंडं असतात. त्या चारांतला धूर माझ्या चार नळ्यांत घ्यायचा आणि एका वाटेनं पुढे सोडायचा, एवढंच. जातीनं मी बीड, म्हणजे ओतीव लोखंड. वाळूच्या साच्यात तापलेला लोखंडाचा रस ओतून मला केलं. आतली पोकळी राहावी म्हणून साच्यात वाळूचाच एक गाभा ठेवतात. माझ्या वेळी तो जरासा सरकला, आणि माझ्या चौथ्या नळीची एक भिंत जाड, दुसरी पातळ झाली. बाहेरून काही दिसत नव्हतं. मलाही त्याचा पत्ता नव्हता.

एका गाडीत काही वर्षं राबलो. ती गाडी मोडीत निघाली आणि मी बंगळूरच्या गुजरीत, म्हणजे रविवारच्या भंगार बाजारात, जुन्या नळांच्या ढिगावर येऊन पडलो. लोक मला पायानं सरकवून बघत आणि पुढे जात. विठोजीनं मात्र उचललं आणि आधी बोट आत घातलं. एक डोळा मिटून आत बघितलं. एक डोळा मिटला की माणसांना जास्त कसं दिसतं, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

विठोजी तिथल्याच गवीपुरममध्ये राहायचा. सरकारी कारखान्यात फिटर होता. घरात आई सकवारबाई, बायको प्रेमा आणि धाकटा भाऊ हरी. दारात ही जीप. आदल्या वर्षी सगळे तिच्यातून नंदीच्या डोंगरावर निघाले होते. अर्ध्या घाटात जीपनं दम टाकला आणि बाकीचा चढ सगळ्यांना चालावा लागला. सकवारबाई एका वळणावरच्या दगडावर बसून म्हणाल्या होत्या, "विठू, गाडी तुझी आणि पाय माझे, हे कुठलं गणित?" विठोजीनं ते मनाला लावून घेतलं. पुढच्या खेपेला तिसऱ्या गिअरवर वर नेतो, असं त्यानं तिथेच सांगून टाकलं.

त्यासाठी त्यानं जुना टर्बो मिळवला. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो फिरला की त्याच्याच दांड्यावरचा दुसरा पंखा इंजिनात जास्त हवा कोंबतो. आता धूर मोकळा आला तर पंखा जोरात फिरणार, आणि माझ्या आत तर सगळं खरखरीत. तेव्हा मला आतून कोरून रुंद आणि गुळगुळीत करायचं ठरलं.

ते काम परसात चाललं, कपडे धुवायच्या दगडाशेजारी. बाजूला ओट्यावर प्रेमा उदबत्त्या वळत बसायची. तो तिला टॉर्च धरायला बोलवायचा. एकदा तिनं विचारलं, की हे नेमकं कशासाठी? त्यानं शेंगदाण्याच्या परिषेचं, म्हणजे जत्रेचं, उदाहरण दिलं. बसवण्णाच्या देवळापाशी चार गल्ल्यांतून माणसं येतात आणि एका रस्त्याला लागतात. गल्लीत हातगाडी आडवी असली की मागचे सगळे तुंबतात.

"मग गल्ल्या रुंद केल्या की झालं," ती म्हणाली.

"सगळ्या नाही. जिथे घराची भिंत कच्ची आहे, तिथली गल्ली आहे तशी ठेवायची. नाहीतर घर पडेल."

माझी चौथी नळी त्यानं वाकवलेल्या तारेच्या मापानं तीनदा मोजली होती. तेव्हा कुठे मला माझं व्यंग कळलं. शिवाय ती नळी टर्बोच्या सगळ्यांत जवळ. तिथून धूर तसाही सरळ जातो. म्हणून त्यानं तिला हात लावला नाही, वर खडूनं एक फुली मारली. मग प्रेमाच्या टाकाऊ, वाकड्या उदबत्त्या पेटवून एकेका तोंडाशी धरल्या आणि शेगडीच्या भात्यानं दुसऱ्या टोकाकडून हवा ओढली. चारही तोंडांतून धूर सुरळीत आला. "झालं," तो म्हणाला. मला तेल लावलं, तोंडांत चिंध्यांचे बोळे घातले आणि आपल्या जुन्या शर्टात गुंडाळून फळीवर ठेवलं.

अर्धवट कामाला कुणी तेल लावत नाही. काम संपलं की तेल. कुठल्याही फिटरच्या घरी हेच.

त्याच आठवड्यात त्याला कावीळ झाली. अकराव्या दिवशी इस्पितळातून घरी फक्त त्याची चप्पल आणि डबा आला.

दोन महिन्यांनी मला खाली काढलं ते हरीनं. वीस-एकवीस वर्षांचा, सातवीतून शाळा सोडलेला, सकाळी बेकरीची व्हॅन चालवणारा. अण्णा, म्हणजे विठोजी, गेल्यापासून तो कुणाशी धड बोलत नव्हता. बेकरीत भांडला. एका दुपारी त्यानं जीपच्या टायरला लाथा घातल्या, दमला, आणि मग त्याच टायरला टेकून बसला. वहिनीसमोर तर तो उभाच राहत नसे. अण्णानं शेवटच्या दिवशी त्याला बोलावलं होतं आणि हा पाव पोचवून मग गेला होता. तोवर उशीर झाला होता.

त्यानं माझ्या पहिल्या नळीत बोट घातलं. मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. विठोजीची कानस सरळ जाऊन शेवटाला जरा डावीकडे वळायची. ते वळण हरीच्या बोटाला लागलं. छापलेलं वाचायला त्याला वेळ लागे. हे मात्र तो भराभर वाचत होता. पुन्हा पुन्हा पहिल्यापासून.

मग बोट चौथ्या नळीत गेलं. तिथे सगळं खरखरीत.

"अण्णाचं राहिलं," तो मोठ्यानं म्हणाला.

राहिलं नाही रे, मी सांगत होतो. पण बीड ऐकू जातं ते ठोकलं तरच. त्यानं मला रॉकेलनं धुतलं. तेल गेलं, खडूची फुलीही गेली. त्याला भीती एकच होती, की अण्णाचं एवढं एक काम पुरं होण्याआधी दुसऱ्या कुणाचा तरी हात त्याला लागेल. प्रेमा वळलेल्या उदबत्त्या पोचवायला गेली होती. तिची वाट बघावी, तिला विचारावं, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. ग्राइंडर सुरू झाला.

सुरुवातीला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग ती पातळ भिंत तापू लागली. ठिणग्यांचा रंग तोच, आवाज मात्र बदलला. विठोजीला तो आवाज कळला असता. आणि मग माझ्या आत, जिथे टॉर्चखेरीज कधी उजेड आला नव्हता, तिथे दुपारचं ऊन आलं. शेंगदाण्याएवढं भोक.

हरीनं ग्राइंडर फेकला नाही. हळूच खाली ठेवला. त्यानं काही हळूच ठेवलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

प्रेमा परतली तेव्हा तो तसाच बसला होता, भोकावर अंगठा दाबून.

"भावजी, हे काय?"

"अण्णाचं राहिलेलं पुरं करत होतो."

ती खाली बसली. त्याचा अंगठा तिनं बाजूला केला. "राहिलं नव्हतं. झालं होतं. तेल लावलेलं दिसलं नाही तुम्हाला?"

"मला कुणी सांगितलं नाही."

"विचारलंत कुणाला? दोन महिने या घरात जेवताय आणि माझ्याकडे मान वर करून बघत नाही. टॉर्च धरून कोण बसायचं इथे? मी बसायची."

हरी रडला. वाईट रडला, नाकातोंडातून. प्रेमा उठली नाही. बऱ्याच वेळानं त्यानं शर्टाच्या बाहीला नाक पुसलं आणि विचारलं, "अजून काय काय म्हणाला तो?"

मग तिनं सांगितलं. परिषे, गल्ल्या, कच्ची भिंत, तारेचं माप, खडूची फुली, भाता. सांगताना मध्येच ती हसली, आणि तोही. विठोजी गेल्यावर त्या घरात त्याच्याबद्दल कुणी एवढं बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

कलासीपाळ्याचा एक म्हातारा वेल्डर म्हणाला, सांधता येईल, पण बीड घाई सोसत नाही. आधी सावकाश तापवायचं, बिडाचीच कांडी वितळवून भोक भरायचं, आणि मग दोन दिवस राखेत पुरून ठेवायचं. लवकर काढलं की तडा गेलाच. अंघोळीच्या पाण्याच्या चुलीवर मला तापवलं. वेल्डर आपलं काम करून गेला. मला राखेत पुरलं. आता या हरीला दोन दिवस धीर कसा धरवणार? दर तासाला येऊन तो राखेवर हात ठेवून बघे. शेवटी सकवारबाईच खुर्ची टाकून राखणीला बसल्या. "स्वल्प दम धर. तू नऊ महिने थांबलास माझ्या पोटात, दोन दिवस बाहेर थांब."

मी बाहेर आलो तो धड. भरलेली जागा हरीनं हातानं, छोट्या कानशीनं घासली. पण गाडीला बसवायची वेळ आली तेव्हा तो अडून बसला. एकदा धूर आत गेला की सगळं काळं होणार. अण्णाची कानस पुन्हा दिसणार नाही. त्यानं मला अण्णाच्या फोटोखाली ठेवलं.

चार दिवस मी तिथे होतो. समोर उदबत्ती, वर हार. ओशाळल्यासारखं झालं होतं.

"ते फोटोखाली ठेवायला केलं नव्हतं," प्रेमा म्हणाली. एवढंच.

दुसऱ्या दिवशी हरीनं माझ्या आतला कण न् कण धुऊन काढला, कारण एखादा जरी उरला तरी टर्बोचा पंखा फुटतो. वाकड्या उदबत्त्या पेटवल्या. भाता प्रेमानं धरला. चारही तोंडांतून धूर सुरळीत आला. हरीनं एकदा सगळ्या नळ्यांतून बोट फिरवलं, आणि बोल्ट आवळले.

नंदीला गेलो तो रविवार होता. बॉनेटखालून मला काही दिसत नाही, जे ऐकू आलं ते सांगतो. घाट लागला. धूर आला, टर्बोनं शीळ घातली, हरीनं तिसरा गिअर टाकला आणि तिथेच ठेवला. एक वळण, दुसरं, आणखी एक.

"तो दगड गेला का रे?" सकवारबाईंनी विचारलं.

"गेला, आई."

आम्ही तिसऱ्यावरच वर पोचलो.

आता माझ्या आत सगळं काळं आहे. तीन नळ्यांत विठोजीचं वळण, चौथीत हरीचं ठिगळ, वर एकच काजळी. हरी कधीकधी बॉनेट उघडून बोल्टला पाना लावतो आणि तसाच काढून घेतो. बरं करतो. हरी, मला उघडू नकोस. विठोजीची आठवण आलीच, तर गाडी चढाला घाल आणि तिसऱ्यावर ठेव. मी तिथे बोलतो.